म्हशींचा उपास

मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, गेली त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात पिपरटोल्याच्या पुरुषांना अक्कल फुटली, आणि ती धुरपताबाईच्या अंगणाला वळसा घालून गेली.

तोवर रीत अशी होती. जेठ महिन्यात गावतलावाचं पाणी कमरेवर उतरलं की सगळं गाव एकाच दिवशी मासोळ्या धरायला उतरायचं. त्याआधी जाळं तर सोडाच, कुणी बोटही बुडवायचं नाही. आणि तो दिवस कोणता, ते धुरपताबाईच्या अंगणात ठरायचं, तिच्या सासूच्या काळापासून. तलाव मालगुजाराचा असेना, म्हशी तर तिच्या होत्या. एकोणीस. आधी त्या पाण्यात घालायच्या, त्यांनी तलावाची पेज करून टाकायची, मग मासोळ्या गुदमरून अशा तोंड वर काढतात की आंधळ्याच्याही हाती लागतात.

त्या साली गावात ग्रामपंचायत आली आणि पवारांचा चैनलाल सरपंच झाला. डोक्यावरची टोपी नवी, टोपीखालचा माणूस त्याहून नवा. बैठक पंचायतीच्या खोलीत झाली. खोलीला अजून दार बसलं नव्हतं, पण बायांना मज्जाव मात्र बसला होता. ठरलं ते कोतवाल बकाराम डफडं बडवत सांगत फिरला. येत्या मंगळवारी सकाळी मासोळी. पुरुष पाळीकडून, म्हणजे बांधाच्या बाजूने, खोल पाण्यात उतरतील. बायांनी वरच्या अंगाला, उथळात, काठाशी राहायचं, पुढे यायचं नाही. ज्याच्या हाती जे लागेल ते त्याचं.

धुरपताबाई अंगणात मोहाच्या टोऱ्या, म्हणजे बिया, फोडत बसली होती. तिने त्याला फाटकातच धरलं.

"कोणी ठरवलं गा?"

"पंचायतीनं, मोठेमाय."

"पंचायतीच्या कोठ्यात म्हशी किती?"

बकारामने डफड्याकडे पाहिलं. डफड्यालाही ठाऊक नव्हतं.

दिवस कलता कलता खुद्द चैनलाल आला. बस म्हटलं तरी बसला नाही. बसल्याने सरपंचकी चुरगळते असं त्याला कुणीतरी सांगितलं असावं.

"काकी, मंगळवारी सकाळी म्हशी पाठवजो."

"मंगळवारी?" धुरपताबाईने टोरीवर दगड हाणला. "माह्या म्हशीले मंगळवारी उपास राहते."

"म्हशीले? उपास?"

"देवीचा. तुले कसं माहीत राहीन? तू तं आताच निवडून आला."

"मस्करी कायले करून राहिली, काकी? गोंदियाचे नायब तहसीलदार साहेब येऊन राहिले मासोळी पाहाले. जेवण माह्या घरी आहे. मंगळवार बदलवता येत नाई."

"मंग मंगळवार नोको बदलवू. म्हशी बदलव."

चैनलालचे कान लाल झाले. "दीडशे माणसं उतरवतो! तीनशे पाय होतात, काकी. काय अडून नाई राहिलं तुह्या म्हशीवाचून!"

"होतात ना, बाप्पा. पण म्हशीच्या पायाले थोडी अक्कल राहते."

तो तणतणत गेला. धुरपताबाई मोठ्याने हसली खरी, पण दगड तिच्या हातात तसाच राहिला. यंदाची मासोळी तिला न विचारता पार पडली, की पुढच्या साली कुणी विचारायला येणार नव्हतं. पोरीबाळी म्हणतील, तिथं म्हातारी राहते, म्हशीवाली. ज्या अंगणात गावाचा दिवस ठरत नाही ते अंगण कसलं? वाळवण घालायची जागा ती. सासूने दिलेलं राज्य एका टोपीवाल्याला फुकटात द्यायला ती काही माहेरून रिकाम्या डोक्याने आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिने बाया गोळा केल्या. चैनलालची बायको दुलारीही होती.

"पंचायतीचं आयकाचं," धुरपताबाई म्हणाली. "अक्षर न् अक्षर आयकाचं. काठाशी राहाचं. पुढे पाय नाई टाकाचा."

"मंग हाती का लागन? बेडकं?" म्हातारी जमुनाबाई वैतागली.

"आयक वं. चाळीस साल म्हशीच्या मागं फिरली मी. आपण म्हशी कोणीकडून घालत होतो?"

"उथळातून."

"म्हणून मासोळी खोलात पळे, पाळीखाली माणसाच्या जाळ्यात. यंदा माणसंच खोलातून उतरून राहिले. काऊन? तं पाळीवर सावली आहे, साहेबाची खुर्ची तिथं ठेवाची आहे. खोलातला गाळ उठला का मासोळी निवळ पाण्याकडे पळन. निवळ पाणी कुठं राहीन?"

दुलारीचे डोळे हळूहळू मोठे झाले. "वरच्या अंगाले."

"आणि तिथं आपल्याले कोणं बसवलं?"

"आमच्याच घरच्यानं!" म्हणत दुलारी इतकी हसली की घागर पायावर सांडली. मग तिला घरचं जेवण आठवलं. "पण काकी, साहेबाले का वाढू मी?"

"भात रांध. बाकी माह्यावर सोड. आणि आयका, धरलेलं कोणी घरी नाई न्याचं. सगळे टोपले आधी माह्या अंगणात."

मंगळवारी पाळीवर नारळ फुटला. बकारामने डफडं घुमवलं आणि दीडशे माणसं आरोळ्या ठोकत पाण्यात पडली. साहेबांनी खुर्चीतून टाळ्या वाजवल्या. फक्त सेवकराम ढिवर उतरला नाही. जन्म जाळ्यावर गेलेला माणूस तो. त्याने एकदा पुरुषांकडे पाहिलं, एकदा तलावापल्याड चिडीचूप बसलेल्या बायांकडे पाहिलं, आणि चांगलं धडधाकट जाळं मांडीवर घेऊन शिवायला बसला.

सुरुवातीला चार-दोन रोहू लागले. मग तीनशे पायांनी खोलातला काळा गाळ असा उसवला की माणूस माणसाला ओळखेना. जाळी वर यायची ती शेवाळ घेऊन. एकाने "मरळ! मरळ!" म्हणून ओढली ती शेजाऱ्याची पोटरी निघाली, आणि पाण्यातच दोघांची जुंपली.

इकडे उथळात पाणी थरथरायला लागलं. आधी झिंगे टणाटण उडाले. मग काळ्या पाठी दिसायला लागल्या, एकीमागे एक, बाजार सुटल्यासारख्या. जमुनाबाई ओरडणार तोच धुरपताबाईने तिच्या दंडाला चिमटा काढला.

"थांब. येऊ दे. पाहुणे दारात आले का हाका नाई माराच्या."

काठावर पाण्याहून मासोळी जास्त झाली, तेव्हा तिने पदर खोचला. "हं!"

जुनी लुगडी पाण्याखालून उचलली गेली, टोपली, सुपं, परडी, जे हाताशी होतं ते भरलं. शिंगी एक-दोघींना काटा मारून गेली, त्यांनी तिला माहेरासकट शिव्या घातल्या, पण कुणी टोपलं सोडलं नाही. आणि पंचायतीने सांगितल्याबाहेर कुणी एक पाऊल पुढे टाकलं नाही. पलीकडे माणसं गाळात उभी राहून नुसती बघत होती.

दुपारी धुरपताबाईच्या अंगणात मासोळीचा ढीग पडला होता आणि बाया वाटे घालत होत्या. चैनलाल फाटकात येऊन उभा राहिला. अर्धं अंग चिखलाचं, टोपी बेपत्ता.

"काकी, दोन मरळ दे. साहेब पाटावर बसून राहिले. ताटात नुसता भात आहे."

"दोन कायले? चार ने," धुरपताबाई म्हणाली. "पण आधी बस."

तो बसला. वाटे पडत राहिले. जमुनाबाईने मुद्दाम एक भलीमोठी मरळ त्याच्या नाकासमोरून पलीकडच्या वाट्यात टाकली. चैनलालने घसा साफ केला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, शेवटी जमिनीकडे पाहून म्हणाला, "काकी... पुढच्या साली कोणता दिवस धरावा म्हणते?"

सगळ्या बायांचे हात थांबले.

"अशा घाईत दिवस नाई ठरत गा," धुरपताबाई सावकाश म्हणाली. "जेठ लागला का पंचांले घेऊन ये. इथंच बसून ठरवू. बाया बी बसतीन. आणि काठाशी नाई, मंधात."

"हो जी."

तिने दुलारीला खूण केली. दुलारीने चार जिवंत मरळी निवडल्या, पळसाच्या पानांत गुंडाळल्या आणि नवऱ्याच्या हातावर ठेवल्या. तो तिची वाट पाहत उभा राहिला, तशी ती पुन्हा ढिगाशी बसली.

"माही वाटणी व्हाची आहे. मी मंग येईन," ती मान वर न करता म्हणाली. "चुलीतली राख लावून घासा, नाई तं हातातून सुटते. आणि पित्त फोडू नोका, साहेबाले कडू लागन."