आभाळ नसलेली खिडकी

शनिवारी दुपारी बाबा सहलीच्या पत्रकावरचा फोटो भिंगातून बघत होते. आमच्या सोसायटीची सहल एका जुन्या जमीनदाराच्या बंगल्यावर जायची होती. बाबांचा जन्म खिडक्यांना काचा बसवण्यात गेलेला. फोटोतही ते आधी काचाच बघत.

“हे बघ. सगळ्या खिडक्यांत आभाळ उतरलंय. या टोकाच्या खिडकीत नाही.”

“छपाई खराब असेल.”

“छ्या! शेजारच्या काचेत ढग आहे. तो अर्ध्यात कसा तुटेल? गेल्यावर बघू.” मग नेहमीचं, “माझ्याबरोबर काचा बघत हिंडायचा कंटाळा येत असेल तुला.”

“चहा गार होतोय, बाबा.”

रविवारी पहाटे ते झोपेतच गेले.

सोसायटीने सहल पुढे ढकलली. मी जाणार नव्हते. पण ती खिडकी डोक्यातून जाईना.

बंगल्यात शिरल्यावर सगळे झुंबरांकडे बघत होते, मी भिंतींकडे. टोकाच्या खोलीपलीकडे नुसता जिना. खिडकीचा पत्ता नाही.

“काय हरवलंय गं?” शेजारच्या मावशींनी विचारलं.

“खिडकी. बाहेरून आहे, आतून नाही.”

“अगंबाई! चला, शोधू या.”

“आधी जेवण,” सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले.

“तुम्ही जेवा. खिडकी सापडली की हाक मारतो,” मावशी म्हणाल्या.

तेही निमूट मागे आले.

बागेला वळसा घालून आम्ही भिंतीपाशी पोचलो. गुलाबाच्या वाफ्यामागे ती खिडकी होती. मी हात लावला. खरखरीत गिलावा. चौकट, काचा, किंचित सरकवलेला पडदा, सगळं रंगवलेलं.

“आत जिना आहे ना,” बंगला दाखवणाऱ्या बाई म्हणाल्या. “पण मालकांना बाहेरून दोन्ही बाजू सारख्या हव्या होत्या.”

“आणि हा तडा?” खालच्या काचेला कोपऱ्यातून बारीक रेघ गेली होती. गिलावा शाबूत होता, तडाही रंगाचाच.

“तो का काढला, कुणालाच माहीत नाही.”

“हिचे बाबा असते,” मावशी म्हणाल्या, “तर माप घेऊन काच बदलूनच दिली असती.”

अध्यक्ष खो खो हसले. मीही हसले, कितीतरी दिवसांनी. मग जेवणाच्या ओढीने मंडळी निघाली.

मी तिथेच उभी राहिले. तडा का काढला असेल? बाबांनी घरी पोचेपर्यंत दहा कारणं सांगितली असती, आणि मला सगळी ऐकायची होती.

“कंटाळा नाही यायचा, बाबा,” मी भिंतीला म्हणाले. “कधीच नाही आला.”