बाबांच्या गळ्यातली नळी

नळदुरुस्तीच्या धंद्यात त्याला सगळे तुंब्या म्हणत. कुठे काही तुंबलं की तुंब्याला बोलवा. कोपरापर्यंत हात घालून तो गटारातून केसांचे गोळे ओढून काढी, कुजक्या चिंध्या काढी आणि हात पँटला पुसून बिस्किट खाई. किळस म्हणजे काय, हे त्याला फक्त बायकोच्या तोंडून ठाऊक होतं.

आता ती किळस घरात आली होती. खिडकीजवळच्या पलंगावर, बाबांच्या गळ्यात.

घशातल्या गाठीनं वरची वाट आवळली, म्हणून डॉक्टरांनी खाली गळ्याला भोक पाडून नळी बसवली. नळीत नळी, नळीत जीव. आतली नळी काढून धुवायची. बाबा खोकले की भोकातून पिवळा कफ उसळे, तार धरून छातीवर लोंबे, आणि तुंब्या मान फिरवी. पंधरा दिवस सगळं बायकोनं केलं. आज तिची रजा संपली.

"दर दोन तासांनी वाफ, गळ्यावर ओला रुमाल," चपला घालता घालता ती म्हणाली. "आतली नळी बंद पडली तर श्वास तिथंच संपेल, कळलं?"

"नळ्यांचं तू मला शिकवतेस?"

दवाखान्यात सिस्टरनं समजावलं तेव्हा तोही होता की. श्वासनलिका अंगठ्याएवढी जाड. पुढून चिवट हाडासारख्या कूर्चेच्या कड्या, म्हणून चपटी होत नाही. मागून मऊ, कारण पाठीमागच्या वाटेनं घास उतरायचा असतो. खाली दोन फाटे, फाट्यांना फाटे, शेवटी बारीक बारीक फुगे, आणि त्या फुग्यांशी रक्त येऊन प्राणवायू घेऊन जातं. इथवर तुंब्या खूश होता. मग सिस्टरनं कफाचा विषय काढला आणि तो तोंडावर हात धरून बेसिनकडे पळाला. नाक हवेला ओल देतं, या भोकाला नाक नाही, म्हणून ओल बाहेरून द्यायची, हे नेमकं त्याच्या कानावर पडलंच नाही.

त्यानं आपलं डोकं चालवलं. ओल आली की बुळबुळ, बुळबुळ आली की घाण. वाफ दिली नाही. रुमाल पिळून दोरीवर टाकला. दुपारपर्यंत कफाचा टिपूस नाही! तुंब्या स्वतःवरच बेहद्द खूश.

मग शीळ ऐकू आली. बारीक, चहाच्या किटलीसारखी. बाबांचे डोळे मोठे झाले होते, ओठ जांभळे, गळ्याशी खळगा पडून छाती नुसतीच वरखाली होत होती. हवा आत जात नव्हती. बाबा बोटानं नळीकडे दाखवत होते.

सिस्टरला बोलवायचं? ती येईपर्यंत काय उरणार?

त्यानं डाव्या हातानं बाहेरची नळी धरली. बोटांना चिकट लागलं. या वेळी त्यानं मान फिरवली नाही. आतली नळी फिरवली, ओढली. तिच्या तोंडाशी सुकल्या डिंकासारखा तपकिरी खडा बसला होता, आणि त्यामागून बाबांचा खोकला सुटला. ऊन, आंबट, बुळबुळीत गोळा थेट तुंब्याच्या ओठांवर आपटला.

"ई, ई, ई!"

पण बाबांची छाती भरली. ओठांवर हळूहळू रंग चढला. तुंब्या एका हातानं तोंड पुसत, एका हातानं ब्रश फिरवत, मध्येच बेसिनमध्ये ओकत नळी धूत राहिला. सगळ्या शहराची गटारं बरी, त्याला वाटलं, ती निदान खोकत नाहीत. नळी परत बसवली. ओला रुमाल आणला.

बाबांनी भोकावर बोट ठेवून हवा वर वळवली. वरच्या अरुंद वाटेनं खरखरत शब्द आला.

"कान."

तुंब्याला कळलं. धंदा बाबांनीच शिकवला होता. पाइप मोकळा केला की कान लावायचा, त्याशिवाय काम पुरं नाही.

"बाबा, नको ना."

"कान लाव, गाढवा."

बाबांनी बोट काढलं. त्यानं कान भोकाशी नेला. कुबट, ऊन वारा कानात शिरला, मानेवर काटा आला. पण आवाज स्वच्छ होता. जा, ये. जा, ये. कुठे अडत नव्हता.

"मोकळी आहे," तो म्हणाला. दोन तासांचा गजर लावला आणि पुन्हा बेसिनकडे पळाला.