हार्मेनच्या ट्रकच्या तोंडावरचा पडदा

२३ जानेवारी, गुरुवार. सकाळी सहा वाजता उणे एकतीस. वारा नाही. धुराड्यातला धूर सरळ उभा.

मी हार्मेन फेल्डकाम्पच्या ट्रकचा थंडीचा पडदा बोलतोय. ट्रकच्या पुढच्या जाळीवर, म्हणजे त्याच्या नाकातोंडावर, मला बसवतात. काळं जाड रेक्झिन, आत गोधडीसारखं अस्तर, कडेनं चौदा टिचबटणं आणि मधोमध चार झडपा. काम एकच. बाहेरची बोचरी हवा इंजिनापर्यंत जाऊ द्यायची नाही. डिझेलचं इंजिन थंडीत सावकाश तापतं, आणि ते तापल्याशिवाय आत बसलेल्यांच्या पायांना ऊब मिळत नाही.

माझा जन्म विनिपेगच्या एका शिलाई कारखान्यात झाला. ज्या बाईने मला शिवलं, तिने प्रत्येक बटण दोनदा ओढून पाहिलं आणि माझ्या घडीत एक छापील चिठ्ठी ठेवली. उणे तीसला चारही झडपा बंद. उणे पंधराला दोन उघडा. शून्याजवळ चारही उघडा. शून्याच्या वर गेलं की पडदा काढून ठेवा. चार ओळी, मोठ्या अक्षरात.

हार्मेनने मला घरी आणलं त्याच संध्याकाळी ती चिठ्ठी घडी घालून स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल आता डुगडुगत नाही.

आमच्या पिंचर क्रीक गावची माणसं ट्रकची काळजी फार घेतात. रात्री इंजिन गारठू नये म्हणून त्याला विजेची वायर जोडून झोपवतात. दुकानात अर्धा तास लागणार असेल तरी इंजिन बाहेर सुरूच ठेवतात. स्वतः मात्र कानटोपी न घालता हिंडतात. पेट्रोल पंपाशेजारच्या कॉफीच्या टेबलावर रोज सकाळी सहा-सात जण बसतात, आणि त्यांची नजर खिडकीबाहेरच्या पडद्यांवर असते. कुणी झडप उघडली, कुणी नाही. पहिल्यांदा उघडेल तो कच्चा.

हार्मेन एकदा कच्चा ठरला होता. पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारीत चिनूक सुटला. हा डोंगरावरून येणारा गरम वारा चार तासांत बर्फाचं पाणी करतो. हार्मेनने शहाण्यासारख्या माझ्या चारही झडपा उघडल्या. संध्याकाळी वारा थांबला, रात्रीत उणे सत्तावीस झालं आणि सकाळी टाकीतलं डिझेल गोठलं. कारण अगदी साधं होतं. शेतावरच्या पिंपात सप्टेंबरचं, थंडीत गोठणारं उन्हाळी डिझेल शिल्लक होतं. ते वाया जाऊ नये म्हणून त्याने तेच भरलं होतं.

कॉफीच्या टेबलावर लॉर्न म्हणाला, "काय रे हार्मेन, पडदा उघडलास आणि डिझेलचं लोणी झालं!" सगळे हसले. उन्हाळी डिझेलचं सांगितलं असतं तर आणखी हसले असते. म्हणून हार्मेन म्हणाला, "हो ना. झडपा उघडल्या, तिथेच फसलो."

गुन्हा डिझेलचा आणि जन्मठेप माझ्या झडपांना. तेव्हापासून नोव्हेंबर ते एप्रिल त्या एकदाही उघडल्या गेल्या नाहीत. शिवाय इंजिन किती तापलंय ते दाखवणाऱ्या काट्यावर त्याने गावच्या हॉकी संघाचं वेळापत्रक चिकटवलं. हॉकीचे सामने बदलतात, ते बघावे लागतात. काट्यात काय बघायचं!

आता त्या गुरुवारी तिनेकेचं काय पणाला लागलं होतं ते सांगतो.

तिनेके ही हार्मेनची बायको. एकतीस वर्षं तिने त्याच्याबरोबर गुरं सांभाळली. वासरं ओढून काढली, रात्री जागली, खुरं कापली. लेथब्रिजच्या वळूबाजाराच्या छापील यादीत नाव मात्र दरवर्षी हार्मेनचं. दोन वर्षांपूर्वी एक गाय विताना मेली. तिचं वासरू इतकं लहान होतं की हार्मेन म्हणाला, "हे नाही जगायचं." तिनेकेने ते स्वयंपाकघरात शेगडीशेजारी ठेवून बाटलीने वाढवलं आणि त्याचं नाव पुक ठेवलं. पुक म्हणजे चिमुरडं. ते चिमुरडं आता नऊशे किलोंच्या वर गेलं होतं. यंदाच्या यादीत छापून आलं होतं: क्रमांक चौदा, मालक तिनेके फेल्डकाम्प. ते पान तिने फ्रिजवर लावलं होतं आणि पाणी प्यायला उठली तरी एकदा वाचत होती.

नियम एकच होता. दुपारी बारापर्यंत वळू वजनकाट्यावर उभा नसेल, तर त्याचं नाव यादीतून कमी.

पावणेदहाला आम्ही निघालो. ट्रकमागे जनावरांची ट्रॉली, तिच्यात पुक आणि हार्मेनच्या सहा म्हाताऱ्या गाई. गाईंना वेळेचं बंधन नव्हतं. त्या दिवसभरात केव्हाही विकल्या जातात. मागे पश्चिमेला डोंगरांवर ढगांची कमान उभी राहिली होती आणि तिच्याखाली निळं आभाळ. ती कमान कशाची हे इथे शेंबडं पोरही सांगेल.

"चिनूक येतोय," तिनेके म्हणाली.

"येऊ दे. वारा पाठीशी राहील. डिझेल वाचेल."

डिझेल वाचत होतं हे खरं. वारा ताशी नव्वदने मागून येत होता आणि आम्ही ताशी नव्वदने पुढे जात होतो. म्हणजे माझ्या तोंडावर हवेची झुळूकही नव्हती. त्यात मी बंद. माझ्यामागे इंजिन दम कोंडलेल्या म्हशीसारखं तापायला लागलं. पंखा जोरात घोंघावू लागला.

"हा कसला आवाज?" तिनेकेने विचारलं.

"वाऱ्याचा."

सव्वादहाला फोर्ट मॅक्लाउड आलं. पंपावरच्या पाटीवर अधिक सहा. छपरांवरून पाणी गळत होतं. लोकांनी कोट काढून हातावर घेतले होते. एकटा मीच गळ्यापर्यंत बटणं लावून उभा. हार्मेन कॉफी आणायला गेला तेव्हा तिनेके माझ्यासमोर आली. तिने माझ्या पहिल्या झडपेवर हात ठेवला. चार झडपा, प्रत्येकी एक बटण. हातमोजे घालूनही वीस सेकंदांचं काम.

तेवढ्यात मागच्या पंपावरून लॉर्नची हाक आली. तोही आपली गुरं घेऊन बाजारालाच निघाला होता. "काय हार्मेन, बायकोला उघडायला सांगितलंस होय? यंदा पण लोणी काढायचंय का?"

हार्मेन दारातच थबकला. त्याचे कान लाल झाले. "तिनेके, हात काढ तिथून."

"अरे, सहा डिग्री आहे. इंजिन उकळेल."

"तीस वर्षं ट्रक मी चालवतोय की तू?"

"तू चालवतोस. पण मागे पुक माझा आहे."

"संध्याकाळी परत उणे पंचवीस होईल, तेव्हा रस्त्यात उतरून बटणं कोण लावणार? बस आत."

ती बसली. एकतीस वर्षांची सवय. लॉर्नने त्याच्या ट्रकच्या बंद पडद्यावर थाप मारून हार्मेनला अंगठा दाखवला, आणि दोन पुरुषांची अब्रू शाबूत राहिली.

लेथब्रिजच्या अलीकडे रस्ता नदीपर्यंत खाली उतरतो आणि मग चढतो. त्या चढावर, अकरा वाजून वीस मिनिटांनी, रेडिएटरचा वरचा पाइप फुटला. उकळतं पाणी माझ्या अस्तरावर आलं. वाफ इतकी की समोरचं काही दिसेना. हार्मेनने ट्रक कडेला घेतला आणि खाली उतरून म्हणाला, "हे कसं काय झालं?"

तिनेकेने मला दोन्ही हातांनी धरून ओढलं. पाच बटणं तुटली. शिवणाऱ्या बाईने ती दोनदा ओढून पाहिली होती, पण एवढ्या जोराने नाही.

अकरा पस्तीसला मागून लॉर्न आला आणि थांबला. तिनेकेने आधी त्याच्या ट्रकच्या तोंडाकडे पाहिलं, मग हार्मेननेही पाहिलं. चारही झडपा सताड उघड्या.

"तू कधी उघडल्यास?" हार्मेनने विचारलं.

लॉर्नने टोपी मागेपुढे केली. "मॅक्लाउडमधून निघालो ना, तेव्हाच. तू वळणापलीकडे गेलास आणि..."

"आणि काय?"

"आणि उघडल्या. सहा डिग्री होतं, बाबा. मी काय वेडा आहे?"

"भांडा नंतर," तिनेके म्हणाली. "लॉर्न, तुझी ट्रॉली इथे सोड आणि माझी जोड."

चढावर एक ट्रॉली सोडून दुसरी जोडायला वेळ लागतो. चाकांखाली दगड लावावे लागतात, साखळ्या अडकवाव्या लागतात, आतला नऊशे किलोंचा पुक अस्वस्थ होऊन इकडून तिकडे झाला की आकडा निसटतो. तो दोनदा निसटला. ते गेले तेव्हा अकरा पंचावन्न झाले होते. हार्मेन आणि मी मागे राहिलो. तो माझ्याकडे बघत होता आणि मी चिखलात पालथा पडलो होतो.

पुढचं मला संध्याकाळी, गोठ्याच्या कोपऱ्यात टाकल्यावर कळलं. तिनेके पुकच्या कपाळावर हात ठेवून उभी होती.

"बारा वाजून चार मिनिटं," ती त्याला सांगत होती. "वजनकाट्यावरच्या कारकुनाने पेन आणि पट्टी घेतली आणि सरळ रेघ मारली, बघ. नावावरून. माणूस चांगला होता, सॉरी म्हणाला. पट्टी कशाला लागते रे एवढ्याला?"

सहा गाई त्याच दिवशी विकल्या गेल्या.

शनिवारी हार्मेनने कॉफीच्या टेबलावर खुलासा केला, "पडदाच खराब निघाला. हल्ली मालच असा येतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. लॉर्ननेही. ट्रकला नवा पाइप आला आणि नवा पडदाही आला. त्याच्याही घडीत चिठ्ठी होती. ती कुठे गेली ते मला माहीत नाही. घरात एक खुर्चीही डुगडुगायची थांबली, एवढं ऐकून आहे.

मला तिनेकेने पुकच्या दारावर खिळ्यांनी ठोकलं, फटीतून वारा येतो म्हणून. पुक माझ्यावर डोकं घासतो. इथे मला झडपा आहेत की नाहीत याने कुणाची इभ्रत जात नाही. ट्रकवाल्यांनो, जाता जाता एकच मागतो. बाहेर हवा कशी आहे ते बाहेर बघून ठरवा, खिडकीतून एकमेकांकडे बघून नको. आणि ते जमतच नसेल, तर निदान सगळ्यांच्या नजरेआड झाल्यावर तरी उघडा. लॉर्नने तेवढी अक्कल दाखवली.

८ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी सहाला उणे एकोणीस. साडेआठला डोंगरावर कमान. नऊला अधिक सात.

क्लेअरशोमला त्या दिवशी छोटा बाजार होता. हार्मेन हातात कप घेऊन अंगणात उभा होता. तिनेकेने नव्या पडद्याची चौदाही बटणं सोडली, त्याची घडी घातली आणि सीटमागे टाकली. मग ती चालकाच्या जागेवर बसली, काट्यावरचं वेळापत्रक सोललं आणि खिडकीतून त्याच्या हातात दिलं.

"हे काय?" तो म्हणाला.

"आज अडीचला सामना आहे तुझा. चावी माझ्याकडे राहील."

"संध्याकाळी परत थंडी पडली तर?"

"तर उतरून बटणं लावीन. हात आहेत मला."

पुक ट्रॉलीत चढताना माझ्यावर एकदा शिंग घासून गेला. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ट्रॉली रिकामी परत आली. तिनेके गोठ्यात आली, तिने खिशातून बाजाराची पावती काढली आणि ती दारावर, माझ्या दुसऱ्या झडपेच्या वर, खिळ्याने ठोकली. खिळा माझ्यातूनच गेला.

पावतीवर लिहिलं आहे: वेळ दहा अठ्ठेचाळीस. वजन नऊशे त्रेचाळीस किलो. विकला. मालक तिनेके फेल्डकाम्प.