दोन पांढऱ्या टोप्या

डुकराच्या मागच्या पायांना दोरी बांधून झाली आणि तेवढ्यात मेतुआ धापा टाकत अंगणात शिरला.

“ताई, सोड त्याला!”

“का?” आकाईतीने गाठ आणखी आवळली.

“का काय? आज मतदान आहे. मी उमेदवार आहे. माझ्या घरचा एक घास कुणाच्या पोटात गेला, तरी तुआकेऊ उद्या कोर्टात उभा राहील. मतांसाठी जेवणावळ घातली म्हणेल. न्यूझीलंडहून न्यायाधीश यायचा आणि मी निवडून आलो असलो तरी मला घरी बसवून जायचा.”

“आणि आत आत्या आहे, तिचं काय?”

मेतुआने उघड्या दाराकडे पाहिलं. आत चटईवर तेरेआपी आत्या होती. पहाटे गेली होती. आई वारल्यावर या दोघांना तिनेच वाढवलं. दोघांनाच कशाला, गावातल्या निम्म्या पोरांना तिने कधी ना कधी भरवलं होतं. गेला महिनाभर ती एकच गोष्ट घोकत होती, आधी मेतुआला मत देणार, मग मरणार. काल संध्याकाळी तिने पांढरा झगा इस्त्री करून घेतला होता. नारळाच्या कोवळ्या पातीच्या दोन टोप्या, एक स्वतःची आणि एक आकाईतीची, ब्रशने झाडून दाराजवळच्या खुंट्यांवर अडकवल्या होत्या. सकाळी दोघींनी मिळून शाळेत जायचं ठरलं होतं. झगा आता तिच्या अंगावर होता. टोप्या खुंट्यांवरच होत्या.

“नुसता चहा देऊ,” मेतुआ खालच्या आवाजात म्हणाला. “जेवण उद्या घाल. लोक समजून घेतील.”

“माती आज आणि जेवण उद्या? तेरेआपी जाताना गावाला उपाशी ठेवून गेली, हे लोक माझ्या तोंडावर म्हणणार नाहीत. पण म्हणतील.”

“मागच्या वेळी तीन मतांनी पडलो, ताई. या वेळी राजधानीत, रारोटोंगात, दोन्ही पक्षांच्या जागा सारख्या होतायत. सरकार आपल्या जागेवर अडलंय. होड्यांची खडकातली वाट रुंद व्हायची असेल तर हीच वेळ.”

हे तिला सांगायची गरज नव्हती. जहाज खडकांच्या बाहेर थांबायचं आणि माल किनाऱ्यावर आणायची होडी मेतुआच चालवायचा. लाट चुकली की होडी कशी आडवी होते, ते तिने काठावर उभं राहून पुष्कळदा पाहिलं होतं. तो निवडून यावा असं तिलाही वाटत होतं, त्याच्यापेक्षा कणभर जास्तच.

शाळेच्या स्वयंपाकघरात तिची उमर गेली होती. जमिनीतल्या भट्टीत, उमूत, कुठला दगड किती वेळ धग धरतो, ओल्या पानांची वाफ कुठवर पुरते, हे तिला हात न लावता कळायचं.

“मतदान किती वाजता संपतं?” तिने विचारलं.

“सहाला. शाळेची घंटा वाजवतात.”

“मग घंटा वाजल्यावर उमू उघडायची. त्याआधी पाण्याचा घोटसुद्धा नाही. आत्याला चारला माती देऊ. आणि तू या अंगणात जेवणाच्या आसपास फिरकायचं नाहीस.”

“लोक माझं ऐकतील, पण तुआकेऊ ऐकेल का?”

“त्याचं मी बघते.”

मेतुआच्या विरोधात उभ्या असलेल्या तुआकेऊचं दुकान धक्क्याजवळ होतं. दोन्ही घरं एकाच चर्चची आणि मुलं एकाच शाळेतली, पण महिनाभर बोलणं बंद होतं. आकाईती पायरीवर उभी राहिली तेव्हा तो साबणाचे खोके रचत होता.

“आत्याबद्दल वाईट वाटलं,” तो म्हणाला. “माझ्या पोराला तिनेच पोहायला शिकवलं.”

“म्हणूनच आले. आज जेवण आहे. सहाच्या घंटेनंतर. तुझा एक माणूस उमूजवळ बसव. घास कुणाच्या तोंडात कधी गेला, ते त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.”

तुआकेऊ हसला. “मेतुआची बहीण माझ्याकडे पहारेकरी मागायला आली! हे मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.”

“घड्याळवाला पाठव. तुझ्या दुकानातली घड्याळं नकोत, ती सगळी पुढे पळतात.”

त्याने चुलत भावाला, पायेरेला, पाठवलं. पायेरे हाडापेराने मोठा आणि तोंडाने गरीब. फणसाच्या झाडाखाली खुर्ची टाकून तो हात मांडीवर ठेवून बसला, जणू त्याचा फोटो काढायचा होता.

नेहमीची उमू चार तासांत उघडते. ही जास्त वेळ राहायची होती, म्हणून आकाईतीने दगडांवर केळीच्या खोडाचे ओले थर दुप्पट रचले. धग खालून हळू यावी आणि पाणी सुटत राहावं. वर मांस, अळूसारखे तारोचे कंद, रताळी, नारळाच्या दुधात भिजवून गुंडाळलेली तारोची पानं. मग केळीची पानं, भिजवलेली पोती आणि माती. मातीच्या फटीतून वाफ निसटली की ती तिथे ओंजळभर माती दाबायची. सकाळी मत देऊन येते म्हणाली होती, ते राहून गेलं. दुपारी जाऊ म्हणाली, तर दुपारी आत्याला रजईत गुंडाळायचं होतं.

चार वाजता घरासमोरच्या जागेत, आत्याच्या नवऱ्याच्या थडग्याशेजारी, तिला ठेवलं. पाद्र्याने प्रार्थना म्हटली. बायकांनी स्तोत्र उचललं, पुरुषांनी खालून धरलं. दोन्ही पक्षांचे आवाज एकाच सुरात होते. मग सगळे चटयांवर बसले आणि उमूचा वास अंगणभर पसरला.

“पायेरे,” म्हातारा तुटाई म्हणाला, “नुसता वास घेतला तर चालतो ना? का त्याचंही मत मोजतात?”

“नाकातून चालतं, काका,” पायेरे गंभीरपणे म्हणाला. “तोंड बंद ठेवा.”

“तुझं पोट तर ढोलासारखं वाजतंय. ते कुठल्या पक्षाचं?”

हशा पिकला. पायेरेही हसला. एका लहान मुलीने पाणी मागितलं, तेव्हा आकाईतीने तिला चर्चच्या नळावर पाठवलं. मुलीच्या आईचा चेहरा उतरला.

साडेपाचच्या सुमारास पलीकडच्या वाडीची पोरं आली. मेतुआच्या होडीवर काम करणारी, त्याच्यासाठी घरोघर फिरलेली. मत देऊन थेट इकडेच आली होती.

“मावशी, आता कशाला थांबायचं? मेतुआ दादा आलाच समजा!” एकाने पोत्याची कड उचलली. वाफ फस्कन बाहेर आली.

आकाईतीने काठी त्याच्या मनगटावर मारली. “ठेव ते!”

“अगं, आपलीच उमू ना?”

“घंटेआधी ती कुणाचीच नाही.”

पोरं बाजूला झाली, पण गेली नाहीत. फणसापाशी उभी राहून कुजबुजत राहिली. तेवढ्यात मेतुआ फाटकाशी आला. आत पाऊल टाकलं नाही, तिथूनच ओरडला.

“ताई! तू अजून मत नाही दिलंस! यादीवर तुझ्या नावापुढे खूण नाही. चल, स्कूटर आणलीये.”

ती उठली. गुडघ्यावरची माती झटकली. मग तिने पोरांकडे पाहिलं.

“जा तू, अक्का,” पायेरे म्हणाला. “मी बसतो. देवाशपथ, एक पान हलू देणार नाही.”

“तू नाही हलू देणार, माहीत आहे मला. पण ही पोरं तुला जुमानतील का? तू तुआकेऊचा म्हणून आधी तुलाच खुर्चीसकट उचलतील. मग मारामारी, मग उघडी उमू. आणि उद्या कोर्टात नाव कुणाचं?”

पायेरेने पोरांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“ताई, वेळ नाही!”

“मेतुआ, तू जा.”

“एक-एक मत...”

“मला मोजता येतं. जा.”

ती परत बसली, काठी मांडीवर आडवी. स्कूटरचा आवाज लांब गेला. पायेरे घड्याळाकडे बघत होता, आणि आता त्याच्याबरोबर पोरंही.

घंटा वाजली.

“झाले सहा,” पायेरे उभा राहून मोठ्याने म्हणाला.

आकाईतीने स्वतःच्या हाताने माती ओढली, पोती काढली. मांस हाडापासून नुसत्या बोटाने सुटत होतं. पाद्र्याने आशीर्वाद दिला, आणि तिने पहिलं पान पायेरेला वाढलं. तो नको-नको म्हणाला, मग पोरांनीच त्याच्या हातात कोंबलं.

वाढणं चालू असताना शाळेकडून बातमी आली. वर्गशिक्षकाचा मुलगा सायकलवरून उतरला आणि फाटकाचा खांब धरून म्हणाला, “तुआकेऊ. दोन मतांनी.”

कुणाचा हात तोंडाशी जाता जाता थांबला. तुआकेऊची माणसंसुद्धा ओरडली नाहीत, समोर ताजी माती होती.

“तू गेली असतीस तरी एकाने पडलाच असता,” शेजारची बाई तिच्या कानाशी म्हणाली. “मनाला लावून घेऊ नकोस.”

आकाईतीने मान हलवली आणि म्हाताऱ्या तुटाईला आणखी तारो वाढला.

अंधार पडायच्या आत तुआकेऊ आला. गळ्यातला फुलांचा हार त्याने काढून थडग्यावर ठेवला आणि फाटकाकडे निघाला.

“बस,” आकाईती म्हणाली. “माझ्या आत्याच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही.”

तो बसला. जेवताना त्याने एकदाही मान वर केली नाही.

सगळ्यात शेवटी मेतुआ आला. पाहुणे चटया गुंडाळत होते. तो थेट घरात शिरला आणि दाराशी थबकला. खुंट्यांवर दोन टोप्या शेजारी शेजारी होत्या, पांढऱ्याशुभ्र, एकीचीही कड मळलेली नव्हती. तो बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला.

आकाईती मागून आली. तिच्या हातात झाकलेलं पान होतं.

“तुझं काढून ठेवलं होतं,” ती म्हणाली. “घे. अजून गरम आहे.”

त्याने दोन्ही हात पुढे केले.