पांढऱ्याचे दिवस

मास्तरांनी कॉलर तोंडाजवळ नेली आणि लाल ठिपक्यावर थुंकी लावली. मग अंगठ्याच्या नखाने, अगदी हलक्या हाताने, ते ठिपका खरवडू लागले. शिंप्यांमध्ये हा तोडगा पूर्वापार चालत आलेला: ज्याचं रक्त, त्याचीच थुंकी. डाग निघतोही. पण तोडगा शोधून काढणाऱ्याने एकाच ठिपक्याचा विचार केला असावा. मास्तर पहिला पुसत होते तेवढ्यात दुसरा पडला, आणि ते दुसऱ्याकडे वळले तोवर बोटावरचं रक्त ओघळून बाहीवर उतरलं.

"अहो, आधी बोट वर धरा! कापडाचं नंतर बघा," समोरच्या स्टुलावरून वहिनी म्हणाल्या.

"पांढरं आहे गं कापड."

"कापड दुसरं आणता येतं."

वहिनी म्हणजे मास्तरांची बायको. दुकानात येणारा लहानमोठा जो तो त्यांना वहिनीच म्हणायचा, त्यामुळे घरातसुद्धा मास्तरांच्या तोंडून कधीकधी तेच निघायचं आणि मग दिवसभर हसं व्हायचं. काज आणि बटणं हे त्यांचं खातं. हातातलं काज तसंच टाकून त्या उठल्या, मास्तरांच्या बोटावर कापसाचा बोळा ठेवला, वरून आपली मूठ घट्ट आवळली आणि समोर बसून राहिल्या. शेजारणीच्या भावाने घेतलेल्या गाडीची गोष्ट सांगून झाली, ती गाडी त्याने पहिल्याच दिवशी भिंतीवर कशी घातली तेही झालं, तरी बोळा लालच होत होता. मास्तरांचा पाय जमिनीवर सारखा हलत होता.

मास्तरांच्या छातीतलं यंत्र मागच्या हिवाळ्यात बिघडलं होतं. पट्टा सैल झालेल्या मशीनसारखं ते कधी भरभर पळायचं, कधी एखादा टाका गाळून पुढे जायचं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "हृदय असं अडखळत चाललं की आत रक्त साचतं, त्याची गाठ होते. ती गाठ डोक्यात गेली तर अर्धं अंग लुळं पडेल. म्हणून रक्त पातळ ठेवायचं. गोळी सकाळ-संध्याकाळ, एकही चुकवायची नाही." मास्तरांनी मान डोलावली होती. डॉक्टरांपुढे मान डोलवायला काय जातं?

गोळी आपलं काम चोख करत होती. दात घासले की हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून लहान मुलांचा मऊ ब्रश आला. दाढीचं पातं गेलं आणि घरघर करणारं यंत्र आलं. कापायच्या टेबलाचा कोपरा नुसता घासला तरी मांडीवर वांग्याच्या रंगाचा डाग उमटायचा आणि दिवसेंदिवस हटायचा नाही. वहिनींनी त्या कोपऱ्याला जुन्या गादीचा तुकडा बांधून टाकला. शेजारच्या इस्त्रीवाल्याला तर डॉक्टर व्हायचं राहूनच गेलं होतं. "रक्त पातळ झालंय ना मास्तर? मग काहीतरी घट्ट खात जा," असं तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा. हे सगळं मास्तरांनी कुरकुरत का होईना, निभावून नेलं. निभेना ते सुईचं.

मास्तरांचा टाका दिसत नाही, ही त्यांची ख्याती होती. कॉलरची कड ते हाताने दुमडून शिवत, आणि बाहेरून भिंग लावून शोधलं तरी टाका सापडत नसे. त्यासाठी कापडाखाली डाव्या हाताचं बोट धरावं लागतं. सुई ढकलणाऱ्या बोटाला धातूची टोपी चालते. खालच्या बोटाला काहीच चालत नाही. सुईने कापडाचा एकच धागा उचलला की दोन, हे त्या उघड्या बोटालाच कळतं, आणि कळतं म्हणजे टोचतं. इतक्या वर्षांत ते टोचणं मास्तरांच्या ध्यानातही आलं नव्हतं. आता त्यांनी चिकटपट्टी लावून पाहिली, रबरी मोजा घालून पाहिला. टाका लगेच दिसायला लागला. मास्तरांनी तो रागारागाने उसवला.

आणि नेमकं याच वेळी एका नव्या हॉटेलच्या मॅनेजरने वाढप्यांच्या पांढऱ्या कोटांचं काम आणून दिलं. "मास्तर, माझ्या हॉटेलात डाग आणि दोरा, दोन्ही दिसता कामा नयेत," असं म्हणून तो स्वतःच हसला होता. नाही म्हणणं मास्तरांच्या स्वभावात नव्हतं. शिवाय तो आधी दुसरीकडे जाऊन, तिथले टाके बघून परत आला होता. एवढं कौतुक झाल्यावर कोण नाही म्हणेल?

डाग पडलेला तो कोट त्यातलाच. वहिनींनी तो थंड पाण्यात घातला, साबण लावला, पुन्हा घातला. वरचं कापड स्वच्छ झालं, पण कॉलरच्या आतलं जाड अस्तर रक्त पिऊन बसलं होतं. उजेडात धरलं की फिकट तपकिरी ढग दिसायचा. कॉलर आणि बाही दोन्ही नव्याने कापावी लागली.

दुसऱ्या दिवशी टेबलावर एका वकिलाचा काळा कोट होता. बोट टोचलं, रक्त आलं आणि काळ्यात जिरून गेलं. कुणाला पत्ता लागला नाही. मास्तर त्या जागेकडे बराच वेळ बघत राहिले, आणि तिथेच त्यांना एक युक्ती सुचली. काळं, निळं, करडं शिवायचं असेल तेव्हा गोळी घ्यायची. पांढरं असेल तर आदल्या संध्याकाळपासून गोळीला सुट्टी. एवढंच. आठवड्यातून एखादा दिवस पांढऱ्याचा. तेवढ्याने काय होतंय? कापडाच्या रंगावरून दोरा बदलायची आयुष्यभराची सवय, त्यात गोळीही बसून गेली.

नियम म्हटला की मास्तर पक्के. बेसिनपाशी उभं राहून गोळ्यांच्या पाकिटाचा चुरचुर आवाज करायचा, गोळी नळाच्या पाण्याबरोबर बेसिनमधून खाली सोडून द्यायची आणि नुसता घोट घ्यायचा. आत वहिनींना तो आवाज ऐकू गेला की त्या निश्चिंत व्हायच्या.

पण पांढरे कोट संपेनात. मॅनेजरला पहिले इतके आवडले की त्याने आणखी सांगितले. दिवसामागून दिवस पांढरेच येत राहिले. बोटाचं रक्त आता चटकन थांबू लागलं होतं, टाका पुन्हा दिसेनासा झाला होता, अंगावरचे डाग फिकट होत होत गेले. "बघा, तब्येत सुधारली की नाही!" इस्त्रीवाला म्हणाला, जणू ती त्यानेच सुधारली होती. मास्तरांनी आनंद मानायचा प्रयत्न केला. पण जीव थाऱ्यावर नव्हता. टेबलाखाली मनगटावर बोटं ठेवून ते ठोके चाचपायचे. एक गळाला की उठून रस्त्यावर जायचे, पानपट्टीपर्यंत चालून उगाच परत यायचे, बसायचे, पुन्हा उठायचे. आपण दिवसाढवळ्या चोरी करतोय आणि चोरीचा मालही आपलाच, हे त्यांना कळत होतं. उद्यापासून घेऊ, असं ते रोज ठरवायचे आणि उद्याचं कापड बघायचे.

"काय शोधताय मघापासून?" एकदा वहिनींनी विचारलं.

"कातर."

"हातात आहे."

मास्तरांनी हातातल्या कातरीकडे पाहिलं आणि ती खाली ठेवली.

शेवटचे थोडे कोट राहिले होते तेव्हाची गोष्ट. दुपारी मास्तर सुई ओवत होते. उजव्या हातात दोरा होता आणि तो गळून पडला. उचलायला गेले तर बोटं मिटेनात. हात जागेवर होता, पण दुसऱ्या कुणाचा तरी आणून लावल्यासारखा. वहिनी पाठमोऱ्या बसून बटणं लावत होत्या. त्यांना हाक मारायला मास्तरांनी तोंड उघडलं, आणि जिभेवर शब्दच जुळेना. मास्तर भयंकर घाबरले. समोरच्या चहाची वाफ वर जात होती, तिच्याकडे बघत ते तसेच बसून राहिले. चहा कोमट व्हायच्या आत बोटं हलली. मग मूठ मिटली. मास्तरांनी हळूच स्वतःचंच नाव पुटपुटून पाहिलं, ते नीट निघालं.

झालं ते सांगावं की नाही? सांगितलं तर सगळंच सांगावं लागणार होतं. थोडेच कोट राहिलेत, त्यांनी मनाशी म्हटलं, मग काळं घेऊ. माणूस हट्टाला पेटला की त्याला स्वतःचं मरणसुद्धा गिऱ्हाईकासारखं वाटतं, उद्या या म्हटलं की जाईल असं.

त्यांनी सुई घेतली. हात अजून बिचकत होता. सुई नेहमीपेक्षा खोल गेली आणि मास्तर "आई गं!" करून ओरडले.

वहिनी बोळा घेऊन धावल्याच. सवयीने त्यांनी बोट मुठीत आवळलं, स्टूल पायाने ओढून घेतलं आणि बसल्या.

"सोड. काही झालं नाही."

"गप्प बसा. मागच्या वेळी असंच म्हणालात आणि लेंगा भिजला."

मास्तरांनी हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला. वहिनींची पकड काजवाल्या बोटांची, सुटायची नाही. त्यांनी बोळा बदलायला मूठ उघडली आणि थांबल्या. बोळ्यावर मसुराएवढा एक डाग होता. बोट कोरडं होतं. त्यांनी टोक दाबून पाहिलं. काही आलं नाही.

"थांबलं," मास्तर म्हणाले. "बघ कसं लगेच थांबलं!"

वहिनींचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी मास्तरांची बाही कोपरापर्यंत वर सारली, हात उलटासुलटा करून पाहिला. कातडी स्वच्छ होती, कुठे काळानिळा ठिपकाही नव्हता.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"मी काय विचारतेय ते कळतंय तुम्हाला."

मास्तरांनी खडू उचलला, ठेवला. "रोज नाही काही. फक्त पांढऱ्याला."

"पांढऱ्याला म्हणजे?"

"पांढरं कापड असलं की नाही घेत. काळं असलं की घेतो ना! वकिलांचा कोट होता तेव्हा दोन्ही वेळा घेतली."

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "डॉक्टरांनी कापडाचा रंग विचारला होता तुम्हाला?"

मास्तर खडूने टेबलावर रेघ ओढू लागले.

"अर्धं अंग गेल्यावर कुठल्या हाताने शिवणार होतात? सांगा ना! मला काय वाटेल, एवढा तरी विचार..." त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"टाका दिसायला लागला तर मी कोण गं?" मास्तर म्हणाले. "गल्लोगल्ली शिंपी आहेत." मग खाली बघत, अगदी हळू आवाजात, "मघाशी हात गेला होता. उजवा. तुला हाक मारत होतो, पण बोलताच येईना. आला परत."

वहिनी उभ्या राहिल्या. त्यांनी मशीनवरचा दिवा बंद केला आणि चपला पायात सरकवल्या.

"उठा."

"कोट उद्या द्यायचेत."

"उठा म्हणतेय ना!"

शिवत असलेला कोट सुईसकट त्यांनी पिशवीत कोंबला, आणि मास्तरांचा दंड धरून त्यांना बाहेर काढलं.

डॉक्टर रागावतील अशी मास्तरांची अपेक्षा होती. ते रागावले नाहीत, आणि त्यानेच मास्तरांची जास्त गाळण उडाली. त्यांनी हात दाबायला लावले, हसायला लावलं, रेषेवर चालायला लावलं. "आधी डोक्याचा फोटो काढू, मग गोळीचं बघू. पण यापुढे मला विचारल्याशिवाय काही करायचं नाही. टोचलं तर बोट दाबून धरता येतं. डोक्यातलं कुणाला दाबून धरता येत नाही," एवढंच ते म्हणाले.

फोटोच्या खोलीबाहेर लाकडी बाक होता. मास्तर बसले, उठले, दारावरची पाटी वाचून आले, पुन्हा बसले. वहिनींनी पिशवीतून कोट काढला आणि मांडीवर पसरला.

"तू शिवणार?"

"मग कोण? उद्या द्यायचेत म्हणालात ना?"

मास्तर बघत राहिले. वहिनींच्या हाताला काजांचं वळण, दोरा आवळायची सवय. टाका पडला की कापडाला बारीक चुणी पडत होती. एका ओळीत चांगले ठसठशीत टाके, लांबून मोजता आले असते. मास्तरांचा हात आपोआप पुढे झाला आणि त्यांनीच तो मागे घेतला. असे कोट त्यांच्या दुकानातून कधी बाहेर पडले नव्हते.

"दिसतायत ना?" वहिनींनी मान वर न करता विचारलं.

"दिसतायत."

"मग आता?"

मास्तर सरकून जवळ बसले. इतक्या वर्षांत त्यांनी हे कुणाला दाखवलं नव्हतं, कुणी विचारलं तरी. त्यांनी वहिनींचा डावा हात धरला, कापडाखाली नेला आणि मधलं बोट सुईच्या वाटेत आणून ठेवलं.

"हे इथे. आणि दोरा ओढायचा नाही, नुसता येऊ द्यायचा."

"टोचेल की हो."

"टोचू दे," मास्तर म्हणाले. "तुझं थांबतं."

आतून त्यांना हाक आली. मास्तरांनी ते बोट तसंच धरून वहिनींना एक टाका घालायला लावला, आणि मग ते उठून आत गेले.