हिरेमठ बाईंच्या वह्या

हिरेमठ बाई गेल्याचं कळलं तेव्हा मी कोर्टात होते. मी जिल्हा न्यायालयात इंग्रजी लघुलेखक आहे. इंग्रजी मला बाईंनीच शिकवलं. पंधरा दिवसांनी आमच्या दहावीच्या वर्गातले अठरा जण साखर पेठेतल्या त्यांच्या घरी जमलो. बाईंनी लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ गुरप्पा आणि त्या, एवढंच घर. गुरप्पाकाका टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे.

फोटोला हार घालून आम्ही सतरंजीवर बसलो आणि आठवणी निघाल्या.

"बाईंच्या हातात कधी पुस्तक पाहिलंय का कुणी?" सई म्हणाली. "धडेच्या धडे पाठ!"

"आणि मी शेवटच्या बाकावर पेरू खाल्ला," सुमित म्हणाला, "तर फळ्याकडं तोंड करून म्हणाल्या, सुमित, आधी पेरू संपव, मग वाच. आपण म्हणायचो, बाईंना पाठीला डोळे आहेत."

आम्ही हसलो. गुरप्पाकाका मात्र खाली बघत होते.

"अक्काला दिसत नव्हतं की," ते म्हणाले.

सुमितनं विचारलं, "म्हणजे?"

"तुमी आठवीत आला, त्याच साली नजर गेली. उजेड अन् अंधार तेवढा कळायचा. हेडसरांना म्हायती होतं. दुसऱ्या कुणाला सांगू नको म्हणाली."

"पण का?" सईनं विचारलं.

"पोरं मला सांभाळत बसतील, म्हणाली. मग शिकणार कवा?"

मला बाईंचे तास आठवले. फळ्यावर त्या आमच्याकडूनच लिहून घ्यायच्या. रोज प्रत्येकाला मोठ्यानं वाचायला लावायच्या. त्या बेचाळीस मुलं नुसत्या आवाजावरून ओळखत होत्या, आणि तीन वर्षं आमच्यापैकी एकालाही शंका आली नव्हती.

"पण काका, आमच्या वह्या?" मी विचारलं. "एकेक चूक लाल शाईनं दुरुस्त असायची."

काका संकोचून हसले. "त्या मी तपासायचो."

"तुम्हाला इंग्रजी येतं?"

"न्हाय. चौथी शिकलोय. ए बी सी डी वळखतो. कारखान्यातनं आलो की वही घेऊन बसायचो, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणायचो. अक्का मनात जुळवायची. हितं हे काढ, तितं ते घाल, म्हणायची. मी लाल पेनानं करायचो. पयल्यांदा एका वहीला अर्धा तास लागायचा."

मी फोटोपुढं ठेवायला माझी नववीची वही आणली होती. ती उघडून काकांपुढं धरली. 'माझी आई' हा निबंध होता. आई शाळेचे गणवेश शिवायची, ते मी लिहिलं होतं आणि क्रियापद चुकवलं होतं. त्यापुढं दोन लाल अक्षरं होती, जरा तिरकी, दाबून काढलेली.

काकांनी चष्मा लावला. त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "व्हय, माझंच हाय."

"वाचाल का काका? तेव्हा वाचायचात तसं?" सुमितनं विचारलं.

ते ओशाळले. पण मग त्यांनी वही नीट मांडीवर घेतली आणि शब्दाखाली बोट ठेवलं.

"एम, वाय."

बोट पुढच्या शब्दाखाली सरकलं.

"एम, ओ, टी, एच, ई, आर."

मी डोळे मिटले. अक्षरं ऐकून शब्द जुळवायचा प्रयत्न केला. दोन शब्द जमले, पुढं धागा तुटला. बाईंनी अशा बेचाळीस वह्या ऐकल्या होत्या, त्यातली एकेक चूक पकडली होती, आणि सकाळी ताठ मानेनं वर्गात येऊन कुणी कुठं चुकलंय ते न बघता सांगितलं होतं.

काका वाचत राहिले. ओळ संपली. मग सई हळूच म्हणाली, "पुढची ओळ, काका."

त्यांनी पुढची ओळ घेतली. अख्खा निबंध संपेपर्यंत आमच्यातलं कुणीही उठलं नाही.