बंदरासाठी पडलेला दात

बंदराच्या सुरक्षेसाठी देशात पहिला दात पडला तो अंथुर्ण्यात. दात जोतीरामचा होता, खालचा, पुढचा. तसा तो आधीपासून हलतच होता. पण म्हणून सावळारामच्या बुक्कीचं श्रेय कमी करायचं कारण नाही. समुद्र तिथून पार घाटाच्या खाली. जोतीरामने तो उभ्या जन्मात पाहिला नव्हता. सावळारामने एकदा पाहिला होता, आणि "उगंच लई पाणी हाय," एवढंच त्याचं मत झालं होतं.

दात पडला तेव्हा राजनंदिनी संगणकापुढे बसली होती. तिने मागे न वळता विचारलं, "कोड मिळाला का?"

जोतीराम तिचा बाप, सावळाराम तिचा सासरा. दात माहेरचा, मूठ सासरची. अशा वेळी लेक म्हणून रडावं की सून म्हणून सासऱ्याच्या बोटांना हळद लावावी, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून तिने कोड विचारला.

हे सगळं कायद्याने केलं. कुठल्याशा बंदरात एका कारकुनाने मोबाइलवर आलेली लग्नपत्रिका कामाच्या संगणकावर उघडली. पत्रिकेत ना नवरा होता ना नवरी, नुसता चोर होता. क्रेन जागच्या जागी थांबल्या, कुणाचा कंटेनर कुठला ते कळेना, आणि दिल्लीतल्या लोकांच्या लक्षात आलं की चोर हल्ली समुद्राकडून येत नाहीत, तारेतून येतात. कायदा झाला. त्यात लिहिलं की बंदराच्या संगणकात जो कुणी कंटेनरची माहिती भरेल, मग तो समुद्रापासून कितीही लांब का असेना, त्याने ती दोन माणसांकडून भरून घ्यावी. एकाने पासवर्ड टाकायचा, दुसऱ्याच्या फोनवर कोड येणार, तो त्याने तिथल्या तिथे तोंडी सांगायचा. दोघंही कंपनीचे संचालक हवेत, एका घरातले नकोत, रक्ताच्या नात्यातले तर मुळीच नकोत. म्हणजे संगनमत होत नाही.

अंथुर्ण्याच्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेली केळीची कंपनी होती. केळी दुबईला जायची. पण संचालक जवळजवळ सगळे एकाच भावकीतले. चुलतचुलत, मावसमावस करत वंशावळी उसवल्या, भावकीतल्या दोन म्हाताऱ्यांमध्ये कोण कुणाचा कोण यावरून काठ्या चालल्या, आणि शेवटी कायद्याच्या चाळणीतून दोनच खडे खाली पडले : सावळाराम आणि जोतीराम. व्याही हे नातं कायद्यात धरलेलं नव्हतं. कायदा लिहिणाऱ्यांच्या पोरी अजून लहान असाव्यात.

आता संगनमत म्हणाल, तर या दोघांत ते राजनंदिनीच्या लग्नापासून शक्य नव्हतं. बारामतीच्या कार्यालयात सगळ्या पाहुण्यांना हाताने बांधलेले फेटे मिळाले आणि नवरीच्या बापाला तयार फेटा, मागे इलॅस्टिकवाला. बांधणारा माणूस जेवायला बसला होता म्हणे. तो फेटा पंगतीत जोतीरामच्या डोक्यावरून उडाला आणि थेट मठ्ठ्याच्या पातेल्यात पडला. कुणीतरी तो डावाने बाहेर काढला. त्या दिवसापासून जोतीराम व्याह्याशी एक शब्द बोलला नव्हता.

आणि कोड आला तो जोतीरामच्याच फोनवर.

"सांगा पाव्हणं," सावळाराम म्हणाला होता.

"आदी फेटा. हातानं बांदून. चार लोकांत."

"कोड बंदराचा हाय, फेटा माझा हाय. दोन्हीचा काय संबंद?"

"मग बंदरालाच इचारा जाऊन."

पुढे दात पडला. सावळारामने छातीवर गुडघा रोवून कोड घेतला, राजनंदिनीने टाकला, कंटेनर सुटला. सगळ्यांना वाटलं, झालं एकदाचं. पण केळी दर आठवड्याला येतात.

दुसऱ्या खेपेला जोतीराम तयारीने आला आणि त्याने व्याह्याच्या कानाचा तुकडा काढला. तिसऱ्या खेपेला सावळारामने त्याचं डोकं केळी धुवायच्या हौदात दाबलं. कोड सांगितला खरा, पण शेवटचे आकडे बुडबुड्यांत गेले, म्हणून पुन्हा बुडवावा लागला. मग बरगड्या, मग करंगळी. हळूहळू त्याला शिस्त आली. केळ्यांच्या फण्या भरणाऱ्या बाया आधीच खोकी भिंतीकडे सारून ठेवत. ट्रेलरचा ड्रायव्हर भिमा दारातून विचारायचा, "झाली का मारामारी? लावू का गाडी?" सावळारामची बायको रंगूबाई हळदीचं तेल दोन वाट्यांत पाठवायची. राजनंदिनीचा नवरा अविराज त्या दिवशी नेमाने बारामतीला खोकी आणायला जायचा. खोकी गोदामात छताला टेकली होती.

राजनंदिनी मध्ये पडत नव्हती. ती निर्दय होती असं नाही. सावळारामने तिला निर्यातीची ही खुर्ची देताना सगळ्या कंपनीसमोर सांगितलं होतं, "बस. पण एक जरी कंटेनर बंदराच्या गेटावरनं माघारी आला, तर खुर्ची सोडायची आन् घरी भाकऱ्या थापायच्या. परत नाव काढायचं न्हाय." तिला भाकऱ्या चांगल्या जमत नव्हत्या आणि हे काम फार चांगलं जमत होतं. दुबईचा व्यापारी तिने शोधला होता, बागेतले घड कधी उतरवायचे ते ती ठरवत होती. ते सगळं दोन म्हाताऱ्यांच्या रक्ताने चालू होतं, एवढंच. तिने पुष्कळदा समजावून पाहिलं. सासरा म्हणायचा, बापाला सांग. बाप म्हणायचा, सासऱ्याला सांग. तिच्या स्वतःच्या फोनवर कोड मागवता येत नव्हता. ती एकाच्या रक्तातली, दुसऱ्याच्या घरातली, कायद्याने दोन्हीकडून बाद.

अशात मुंबईहून बंदराचा तपासनीस आला. राजवर्धन नाव, डोळ्यांवर चष्मा, पाठीला बॅग, बुटांना अंथुर्ण्याचा चिखल लागल्याचं दुःख. दिवसही नेमका वाईट होता. ट्रेलर आधीच बंदराच्या वाटेला लागला होता, माहिती भरायची राहिली होती, आणि दुपारी गेट बंद होणार होतं. ती गेली नाही तर कंटेनर माघारी, आणि राजनंदिनी घरी.

राजवर्धनने जोतीरामला समोर बसवलं. "तुमच्याकडे कुणी कोड मागितला, तर देता का?"

"मागून? मागून कदीच दिला न्हाय, सायेब."

"समजा, कुणी म्हणालं, बँकेतून बोलतोय."

"त्याला बी हितं येऊन मारूनच घ्यावा लागंल."

राजवर्धनच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. बंदरापासून ते इथपर्यंत त्याने जेवढ्या कंपन्या पाहिल्या, तिथे कोड भिंतीवर चिकटवलेले असत. "आदर्श," तो म्हणाला. "आता प्रत्यक्ष प्रक्रिया दाखवा."

राजनंदिनी म्हणाली, "सर, तुम्ही बाहेर थांबलात तर बरं."

"मला बघणं बंधनकारक आहे."

भामाबाई सगळ्या बायांत थोरली. तिने हाळी दिली, "बायांनो, सरा मागं. माल झाका गं, मागल्या बारीला रगत उडून खोकी बाद झाली. सायेब, तुमी चष्मा काडा."

सावळारामने पासवर्ड टाकला. जोतीरामच्या खिशात फोन वाजला. दोघं समोरासमोर आले.

"पाव्हणं."

"फेटा."

सावळारामने प्लास्टिकचा क्रेट उचलून हाणला. तो खांद्यावर बसला आणि आतलं काहीतरी वाळल्या फांदीसारखं वाजलं. जोतीरामने सदऱ्याखालून कोयता काढला, घड कापायचा, त्याच सकाळी पाजळलेला. आजवर कोयता निघाला नव्हता. सावळारामने हात आडवा घातला आणि कोपरापासून मनगटापर्यंत हात पिकल्या केळ्यासारखा उकलला. रक्त हौदात धारेने पडलं, पाणी गुलाबी झालं. सावळारामने त्या हाताकडे जरा नवलाने पाहिलं, मग कपाळाने जोतीरामचं नाक फोडलं.

"एक मिनिट," राजवर्धन म्हणाला, "एक मिनिट, ही प्रक्रिया..." आणि दोघांच्या मध्ये शिरला. सावळारामने धडक्या हाताने पुन्हा फिरवलेला क्रेट त्याच्या भुवईवर बसला. चष्म्याची काच गेली, भुवई उघडली, तो पोत्यांवर जाऊन बसला.

सावळारामने जोतीरामला भिंतीवर दाबून धरलं आणि फोनकडे हात घातला. आता आपण हरणार हे जोतीरामला दिसलं. त्याने फोन वर उचलला आणि हौदात फेकला.

"घ्या आता!"

फोन तळाला जाऊन एकदा लुकलुकला आणि विझला.

राजनंदिनी पहिल्यांदाच खुर्चीवरून उठली आणि बापाला म्हणाली, "दादा, माझी खुर्ची हाय त्यात."

जोतीराम नाक धरून खाली बसला होता. बोटांतून रक्त गळत होतं. "फेटा माझा बी व्हता, पोरी," तो म्हणाला.

ती राजवर्धनकडे वळली. "सर, फोन गेला तर काय करायचं?"

राजवर्धनने रुमाल भुवईवर धरला होता. सवयीने तो नियम सांगायला लागला. "फोन निकामी झाला तर तपासनीसाकडे एक आपत्कालीन कोड असतो. कागदावर लिहायचा नाही, डोक्यात ठेवायचा."

"मग द्या."

"देता येत नाही. कारणं ठरलेली आहेत. आग, पूर, चोरी, युद्ध. मारामारी यात नाही."

"हे युद्ध न्हाय का?"

राजवर्धनने हौदाकडे, कोयत्याकडे, दोन म्हाताऱ्यांकडे पाहिलं. "युद्ध सरकारने जाहीर करावं लागतं," तो म्हणाला.

"सर, गेट बंद होईल."

"होईल."

"कंटेनर माघारी येईल."

"नियम आहे, मॅडम."

टेबलावर खोक्यांना चिकटपट्टी मारायची मशीन पडली होती, लोखंडी दातांची. राजनंदिनीने ती उचलली आणि त्याच्या तोंडावर मारली. ओठ फाटला. तो "अहो" म्हणाला. तिने पुन्हा मारली. तो पोत्यांवरून खाली घसरला, तेव्हा ती त्याच्या छातीवर बसली. कसं बसायचं ते तिने पुष्कळदा पाहिलं होतं. "पहिला आकडा," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. तिने त्याचं डोकं केसांनी धरून फरशीवर आपटलं. बाया आधी हसत होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावले. भामाबाई म्हणाली, "अगं नंदे, त्यो आपल्या म्हाताऱ्यांवानी न्हाय, मरल तो." राजनंदिनीने आपटलं. त्याने पहिला आकडा सांगितला. मग दुसरा. तिसऱ्याला त्याने नियमाचं नाव घेतलं, तेव्हा तिने मशीनचे दात त्याच्या गालावरून खाली ओढले. तिचा चेहरा अगदी शांत होता, वजनकाट्यावर खोकं ठेवताना असायचा तसा. महिनोन्महिने ती ऐकत आली होती, ते सगळं हातांत उतरलं होतं आणि हात थांबत नव्हते. शेवटचा आकडा सांगून झाल्यावरही ते थांबले नाहीत.

मग सावळारामने तिचा एक हात धरला आणि जोतीरामने दुसरा. एकाचा हात फाटलेला, एकाचा खांदा निखळलेला. दोघांनी मिळून तिला ओढून काढलं. लग्नानंतर दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम.

ती उठली, ओढणीला बोटं पुसली आणि कोड टाकला. पडदा हिरवा झाला. जरा वेळाने भिमाचा फोन आला, गेटातून आत गेलो म्हणून.

राजवर्धन कुशीवर वळून रक्त थुंकला. सावळाराम हाताला पोतं गुंडाळून उभा होता. तो सुनेकडे बघत राहिला आणि म्हणाला, "उद्यापास्नं तू घरी."

"कंटेनर गेलाय आबा. शर्त माघारी येण्याची होती."

"शर्तीचं ऱ्हाऊंदे. बाईमान्सानं हात उचलायचा? तेबी सायबावर? आमच्या घरान्यात असला हिंसाचार चालत न्हाय."

जोतीरामने नाकातून बोळा काढला. "बराबर बोललं पाव्हणं," तो म्हणाला.

राजनंदिनीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग ती राजवर्धनजवळ गेली आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. तो मागे सरकला, पण तहान लागली होती. प्याला.

"घटनेचा अहवाल आजच द्यावा लागतो," तो सुजल्या तोंडाने म्हणाला. त्याने बॅगेतून लॅपटॉप काढला. नियम त्याच्या हाताबाहेरचा होता. "आपत्कालीन कोड जबरीने घेतला. कुणी घेतला, नाव?"

"राजनंदिनी अविराज," ती म्हणाली. "पद बी लिहा. निर्यात व्यवस्थापक."

"व्हती," सावळाराम मध्येच म्हणाला. "व्हती म्हनून लिवा सायेब."

राजवर्धनने एका डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं. "तसं करता येत नाही. ज्या व्यक्तीमुळे घटना घडली, तिला चौकशी संपेपर्यंत जागेवरून हलवायचं नाही. पुरावा जातो. हलवलं तर संचालकांना अटक."

सावळारामने हातावरचं पोतं आवळलं. पोत्यातून रक्त ठिबकत होतं. "आन् ही चौकशी संपती कदी?"

"सांगता येत नाही," राजवर्धन म्हणाला. "या कायद्यात अजून एकही संपलेली नाही." मग त्याला वाटलं, अर्धवट माहिती देणं बरोबर नाही. "मारहाणीचं कलम वेगळं आहे, मॅडम. त्याला पोलीस येतील."

"येऊ देत," राजनंदिनी म्हणाली, आणि खुर्ची पुढे ओढून पुढच्या कंटेनरचे कागद काढायला बसली.